वीस डॉलरचं खोकं

मी सिनसिनाटीला राहतो, ओहायोमध्ये. नोकरीसाठी आलो आणि पहिली दहा वर्षं या गावाबद्दल मला एवढंच माहीत होतं की थंडी बेक्कार असते आणि इथले लोक चिलीमध्ये, म्हणजे खिम्याच्या रश्श्यात, दालचिनी घालून ती स्पगेटीवर ओततात. सोल, फंक वगैरे इथल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांची नावं कानावरून गेलेली, पण कुणी विचारलं असतं तर मी मायकल जॅक्सनच्या आधीचं काहीतरी असं सांगून विषय बदलला असता.

तर झालं असं की बायकोला बिडाचा तवा हवा होता. जुना, जाड, इथे मिळतात तसले. त्यासाठी आम्ही वॉलनट हिल्समधल्या एका एस्टेट सेलला गेलो. एस्टेट सेल म्हणजे घरातलं माणूस गेलं की घर उघडं ठेवतात आणि आपण आत फिरून चमच्यापासून कपाटापर्यंत काहीही विकत घ्यायचं. मला सुरुवातीला फार कसंतरी व्हायचं, दुसऱ्याच्या आजीच्या स्वयंपाकघरात शिरून तिची पातेली उलटी करून बघायची म्हणजे काय. पण सवय होते. तवा मिळाला नाही. मी बेसमेंटमध्ये उतरलो तर कोपऱ्यात दुधाच्या बाटल्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट आणि त्यात ४५च्या रेकॉर्डी, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, छोट्या, सात इंची, मधे मोठं भोक असलेल्या, बहुतेक सगळ्या कव्हरशिवाय. शेवटचा दिवस होता म्हणून सगळं अर्ध्या किमतीत. वीस डॉलर. घरी येऊन मोजल्या तर एकशे एकोणऐंशी.

का घेतल्या? सांगलीला आमच्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता आणि बाबा त्याला हात लावू द्यायचे नाहीत, हे एकच कारण. चाळीस वर्षांनी सूड घेतला म्हणा.

पहिल्या रविवारी नुसत्या वेगळ्या केल्या. मोटाउन, स्टॅक्स, अटलांटिक अशा मोठ्या कंपन्यांची नावं मलाही माहीत होती, ती एका बाजूला, आणि त्या एवढ्या वाजवलेल्या की पिन ठेवली की आधी खरखर आणि मग लांबून कुठूनतरी गाणं. मग निळ्या लेबलवाल्या किंग रेकॉर्ड्सच्या वीस-बावीस. किंगचं नाव शोधलं आणि उडालोच, कारण ही कंपनी आमच्याच गावातली निघाली! १९४३ मध्ये सिड नेथन नावाच्या माणसाने काढलेली, ब्रूस्टर अ‍ॅव्हेन्यूवर, आणि मी ऑफिसला जाताना ज्या हायवेने जातो त्याला लागूनच ती इमारत. रेकॉर्डिंग, साचे, छपाई, पॅकिंग सगळं एका छपराखाली. फंकवाला गायक जेम्स ब्राऊन या कंपनीचा. सॅम्पलिंगच्या, म्हणजे जुन्या गाण्यांचे तुकडे नव्या गाण्यांत वापरणाऱ्यांच्या, जगात ज्याला देव मानतात तो त्याच्या 'फंकी ड्रमर' गाण्यातला ड्रम, म्हणजे क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला, तो १९६९च्या नोव्हेंबरमध्ये इथे किंगच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, पुढे शेकडो हिपहॉप गाण्यांत कापून वापरला गेला आणि त्या वापरापायी स्टबलफील्डला रॉयल्टी मिळाली नाही. बास गिटारवाला बूट्सी कॉलिन्सपण इथलाच, १९७० मध्ये जेम्स ब्राऊनच्या बँडमध्ये गेला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आणि पन्नास मैलांवरच्या डेटनमध्ये ओहायो प्लेअर्स, स्लेव्ह, लेकसाइड हे फंक बँड. मी दहा वर्षं इथे राहून दालचिनीवर अडकलो होतो.

तिसरा ढीग मात्र कोड्यासारखा. अठरा रेकॉर्डी अशा की लेबलचं, म्हणजे कंपनीचं, नाव कधी ऐकलेलं नाही, गाणाऱ्याचं नाव कुठे सापडत नाही, काहींवर नुसता शाईचा शिक्का. इथून पुढे माझी झोप गेली.

हे वाचायचं कसं ते मी हळूहळू शिकलो. लेबलवरचा पत्ता बघायचा. पत्त्यात 'सिनसिनाटी २९' असा दोन आकडी झोन असेल तर ती बहुधा १९६३च्या आधीची, कारण पाच आकडी झिप कोड त्या वर्षीच्या जुलैत आला. गोलातला पी असेल तर १९७२ किंवा नंतरची, कारण अमेरिकेत त्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीपासून ध्वनिमुद्रणाला केंद्राचा कॉपीराइट लागू झाला आणि तो पी छापायला लागले. गाण्याच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात गीतकार-संगीतकाराचं आडनाव असतं, ते सोन्याहून पिवळं, कारण बँडचं नाव काहीही असू शकतं पण पैसे कुणाला जायचेत ते नाव खरं असतं. आणि मग गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यात खरवडलेले किंवा ठोकलेले आकडे. ते मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वाचायचे, सरळ धरला की काही दिसत नाही. माझ्या अठरातल्या सात रेकॉर्डींवर राइट नावाच्या कारखान्याचे नंबर निघाले. हापण सिनसिनाटीचाच, पैसे भरा आणि रेकॉर्ड छापून घ्या असा धंदा, चर्चचे गायकवृंद, शाळांचे बँड, कंट्री गाणारे, सगळे तिथे जायचे. त्या नंबरांच्या याद्या हौशी लोकांनी लावून ठेवल्यात, त्यावरून साल साधारण कळतं. म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिका छापून घेतात तसं लोक रेकॉर्ड छापून घ्यायचे. मला हे कळल्यावर त्या ढिगाकडे बघायची नजरच बदलली.

धुण्याचं थोडक्यात सांगतो. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल गोल, लेबल कोरडं ठेवायचं, मग भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या करून वाळवायच्या. (बायकोने दुसरं रॅक आणलं. तव्यासाठी गेलो होतो याची आठवणपण करून दिली.) एक अघोरी उपाय म्हणजे आपल्या फेविकॉलसारखा लाकडाचा गोंद रेकॉर्डभर पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सालीसारखा सोलून काढायचा, खाचेतली सगळी घाण त्याला चिकटून येते. खरंच येते. पण मी पहिल्या वेळी कडेला पकडायला शेपूट ठेवायला विसरलो आणि दोन तास नखाने टोकरत बसलो. नशीब ती आधीच मेलेली रेकॉर्ड होती. आणि हो, सगळ्या ४५ विनाइलच्या नसतात, काही पॉलिस्टायरीनच्या असतात, टिचकी मारली तर आवाज वेगळा येतो, लेबल वरून चिकटवलेलं असतं, आणि त्या फार लवकर झिजतात. जड पिन ठेवून मी अशा दोन घालवल्या.

वाजवताना मला कळलेली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मोनोची. मोनो, म्हणजे डावा-उजवा असा फरक नसलेल्या, रेकॉर्डमध्ये गाणं फक्त पिनेच्या आडव्या हालचालीत असतं. पिन वर-खाली होते ते सगळं धूळ, ओरखडे, कचरा. त्यामुळे स्टिरिओ पिनेने वाजवून डावा-उजवा चॅनल एकत्र केला की वर-खालचा कचरा एकमेकांना मारतो आणि अर्धी खरखर फुकटात जाते. पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा कुणीतरी पंखा बंद केल्यासारखं वाटलं. मग कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि उरलेले टक-टक एकेक करून हाताने काढायचे. ऑटोमॅटिक करू नका, सॉफ्टवेअरला झांजेचा आवाज आणि ओरखडा यातला फरक कळत नाही, सगळं उशीतून आल्यासारखं होतं. अडीच मिनिटांच्या गाण्याला मला तीन-चार संध्याकाळी लागतात. बायको याला मटार सोलणं म्हणते.

त्या अठरात एक अशी निघाली की मी पिन ठेवली आणि उभाच राहिलो. बँडचं नाव इथे लिहीत नाही, का ते पुढे कळेल. साल त्या यादीवरून १९७१च्या आसपासचं. पहिल्या बाजूला एक हळूवार प्रेमगीत, ते मी वीस सेकंद ऐकून उचललं कारण ती बाजू इतकी झिजलेली की खाच काळी नाही, राखाडी दिसत होती. दुसरी बाजू मात्र आरशासारखी. तिच्यावर शब्द नाहीतच, नुसता ड्रम, बास, एक गिटार, ऑर्गन, आणि मधेच कुणीतरी ओरडतंय. ड्रम असा की स्टबलफील्डचा चुलतभाऊ वाटावा. दोन मिनिटं दहा सेकंद. मी रात्री साडेअकरा वाजता ते सहा वेळा लावलं.

आता शोधाशोध. इंटरनेटवर शून्य. नेहमी काहीतरी निघतंच, पण हिचं कुठे नावच नाही. आणि इथे माझ्या डोक्यात हवा गेली हे कबूल करतो. कारण तोपर्यंत मी या छंदाच्या सगळ्या कथा वाचून काढल्या होत्या. इंग्लंडच्या उत्तरेकडची पोरं सत्तरच्या दशकात अमेरिकेत न खपलेल्या सोल रेकॉर्डींवर रात्रभर नाचायची, विगन कसिनो नावाच्या डान्स क्लबमध्ये, १९७३ ते ८१, आणि तिथले डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटी नावं सांगायचे म्हणजे दुसऱ्याला ती रेकॉर्ड सापडू नये. फ्रँक विल्सनची एक मोटाउनवाल्यांची ४५ आहे, १९६५ची, बाजारात आलीच नाही, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती, त्यातली एक २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली आणि २०२० मध्ये एक लाखाला. इथून दोन तासांवर कोलंबसमध्ये बिल मॉस नावाच्या रेडिओवाल्याने सत्तरच्या सुरुवातीला कॅपसोल म्हणून लेबल काढलं, बुडालं, आणि २००४ मध्ये शिकागोच्या न्युमेरो ग्रुप या कंपनीने आपली पहिलीच सीडी त्या बुडालेल्या लेबलच्या गाण्यांची काढली. आपल्या आशा पुथली बघा, मुंबईच्या, न्यू यॉर्कला जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर गायल्या, १९७६ मध्ये 'स्पेस टॉक' केलं, आणि नव्वदीत हिपहॉपवाल्यांनी ते उचललं तरी आपल्याकडे किती जणांना माहितीय. म्हटलं, आता माझी पाळी. मी शोधलं. माझं नाव होणार. असं सगळं.

कंसातलं आडनाव घेऊन पब्लिक लायब्ररीत गेलो. जुन्या सिटी डिरेक्टरी आहेत तिथे, म्हणजे फोनच्या डिरेक्टरीसारख्याच पण माणूस काय काम करतो तेही लिहिलेलं. त्या आडनावाचे चाळीस लोक. सहा शनिवार गेले. मग इथल्या एका छोट्या रेकॉर्ड दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाला रेकॉर्ड दाखवली, तो म्हणाला डिरेक्टरी सोड, चर्चमध्ये विचार, हे सगळे शेवटी चर्चमध्येच वाजवायला लागले. आणि खरंच चौथ्या चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईंनी लेबलचा फोटो बघून सांगितलं, हा तर आमचा अमुक, त्याचा गुडघा दुखतो म्हणून हल्ली येत नाही.

त्यांना फोन केला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाले, गाडीची वॉरंटी नकोय (इथे ती विकणाऱ्यांचे फोन फार येतात), आणि ठेवला. माझा सांगली-ओहायो इंग्रजीचा अ‍ॅक्सेंट, त्यात अनोळखी नंबर, त्यांचं काय चुकलं? दुसऱ्या वेळी उचललाच नाही. शेवटी हाताने पत्र लिहिलं, लेबलचे दोन्ही बाजूंचे फोटो घातले. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, या म्हणाली, पण विकायला काही आणू नका.

शनिवारी दुपारी गेलो. आजोबा ऐंशीच्या जवळ, मुलगी समोर बसून माझ्यावर नजर ठेवून. मी लॅपटॉप आणि स्पीकर नेला होता. मोठ्या थाटात माझी ती दोन मिनिटं दहा सेकंद लावली, तीन संध्याकाळी घालून स्वच्छ केलेली. आजोबा ऐकत होते आणि चेहरा कसनुसा होत होता. संपल्यावर म्हणाले, "हे का लावलंस?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. चौघांनी पैसे काढले, पाचशे प्रती छापल्या. स्टुडिओची वेळ मोजून घेतलेली, ती सगळी प्रेमगीतात गेली कारण ते त्यांना परफेक्ट हवं होतं, आणि शेवटी वीस मिनिटं राहिली आणि दुसरी बाजू रिकामी. रेकॉर्डला दोन बाजू असतात, रिकामी छापता येत नाही. म्हणून काहीतरी वाजवलं. एकदाच. शब्द नव्हते म्हणून शब्द नाहीत. मधे जो ओरडतोय, ज्याच्यावर मी फिदा होतो, ते आजोबाच, आणि ते बास वाजवणाऱ्याला सांगतायत की आता सूर बदल. गिटार एका ठिकाणी चुकते, मला तो मुद्दामचा झटका वाटला होता. त्या काळात जेम्स ब्राऊनसारखं काहीतरी मागे भरून द्यायची पद्धतच होती म्हणाले, सगळेच द्यायचे.

पाचशेतल्या शंभर-सव्वाशे गाडीच्या डिकीतून खपल्या, नाचाच्या कार्यक्रमांना. डब्ल्यूसीआयएनला, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या रेडिओ स्टेशनला, एक नेऊन दिली, लागली की नाही माहीत नाही. बाकीच्या बेसमेंटमध्ये होत्या, एका वर्षी गटाराचं पाणी वर आलं आणि सगळ्या कचऱ्यात गेल्या. त्यांच्याकडे स्वतःची एकपण नाही. मी इतके महिने दुर्मिळ, दुर्मिळ करत फिरत होतो आणि दुर्मिळ म्हणजे काय तर न खपलेली आणि वर घाण पाण्यात भिजलेली. त्यांच्या घरात तो शब्द माझ्या तोंडातून निघेना.

मुलीने विचारलं, पहिली बाजू नाही आणली? ते गाणं आईसाठी होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली.

मी नव्हती केली पहिली बाजू. झिजलीय, काही उरलं नाही त्यात, असं काहीतरी बोललो. आजोबांनी रेकॉर्ड हातात घेतली, खिडकीकडे तिरकी धरली, अगदी मी धरतो तशी, एक बाजू बघितली, उलटली, दुसरी बघितली, आणि पहिल्यांदा हसले. राखाडी झालेली बाजू मला दाखवून म्हणाले, "बघ, कुणीतरी वाजवली की रे."

आणि माझ्या डोक्यात तेव्हा पडला उजेड. ज्या घरातून मी ते खोकं उचललं तिथल्या त्या कोणा बाईने किंवा बुवाने हे प्रेमगीत झिजेपर्यंत ऐकलं होतं, आणि माझी ती जगप्रसिद्ध होऊ घातलेली बाजू आरशासारखी होती कारण तिच्यावर कधी कुणी पिनच ठेवली नव्हती. पुरावा माझ्या हातात पहिल्या दिवसापासून होता आणि मी त्याला चांगली कंडिशन म्हणत होतो.

मी त्यांना रेकॉर्ड देऊ केली. नको म्हणाले, प्लेअर कुठाय आता, गाडीत सीडी चालते तेवढी करून दे, पहिल्या बाजूची. आणि बँडचं नाव कुठे टाकू नकोस, बाकी तिघांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय. म्हणून नाही टाकलं. एका माणसाने मला त्या रेकॉर्डचे चांगले पैसे देऊ केलेत, दुसऱ्या बाजूसाठीच अर्थात, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही आणि देईन असं वाटत नाही.

मग ती झिजलेली बाजू. दीड महिना गेला. झिजलेल्या खाचेत एक युक्ती असते, आधीची पिन जिथे घासलीय तिथे न बसणारी पिन वापरायची, म्हणजे जाडीला वेगळी, ती खाचेत थोडी वर किंवा खाली बसते आणि तिथे गाणं अजून शाबूत असू शकतं. मी तीन पिना बदलल्या. एका मिलच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, गोल पिनेने आवाज एकदम पुढे आला. आणि मोनोची ती युक्ती इथे उलटी पडली, कारण खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजत नाहीत, डावी भिंत जास्त खाल्लेली होती, म्हणून दोन्ही एकत्र न करता नुसती उजवी घेतली. तरी कडव्यांत जिथे आजोबांचा सूर वर जातो तिथे आवाज फाटतो, त्याला इलाज नाही. पण शब्द कळतात. शब्द फार साधे आहेत, बसस्टॉपवर वाट बघतोय वगैरे. दोन मिनिटं एक्कावन सेकंद, आणि मी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं तेव्हा ही रेकॉर्ड माझ्या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. ऑर्गन छानच आहे. मी काही सांगण्यासारखा जाणकार नाही, पण छान आहे.

सीडी करून पोस्टाने पाठवली. आठवड्याने त्यांचाच फोन, या वेळी त्यांनी केलेला. गाडीत बसून ऐकली म्हणाले, गाडी बाहेर काढली नाही, गॅरेजमध्येच. चांगली झालीय. फक्त दुसऱ्या कडव्याच्या आधी चार ठोके होते ते कुठे गेले?

मी म्हटलं ओरखडे होते, बाजूबाजूला चार, काढले.

ओरखडे नाहीत ते, माझी अंगठी आहे, गिटारच्या लाकडावर, बाकीच्यांना लय द्यायला. नवीन होती, महिनाच झाला होता लग्नाला, सवय नव्हती, लागायची सारखी.

त्या रात्री जुनी फाइल उघडली, एक मिनिट सव्वीस सेकंदांवर गेलो. चार टक-टक, अगदी सारख्या अंतरावर. ओरखडे इतके सारख्या अंतरावर नसतात हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. चारही परत घातले आणि दुसरी सीडी केली.